तांबड्या शेऱ्यांचे गद्य

दिवाळी अंकातील समीक्षेच्या पानांवर कादंबरी, कवितासंग्रह, फार तर एखादे गाजलेले नाटक यांचा परामर्श घेण्याची आपल्याकडे रीत आहे. यंदा ती रीत मी मोडणार आहे. ज्या वाङ्मयाविषयी मला लिहायचे आहे ते अप्पा बळवंत चौकातील कोणत्याही दुकानात मिळत नाही; त्याच्यावर लेखकाचे नाव नसते; त्याला वाचनालयात कपाट नाही. आणि तरीही लोकप्रिय कादंबरीकाराने हेवा करावा इतका त्याचा वाचकवर्ग मोठा आहे. हे वाङ्मय म्हणजे संगणकावर आणि मोबाईलवर भरायचे अर्ज. आणि त्यातही विशेषेकरून अर्जाचा तो भाग, जो आपले काही चुकले असे त्याला वाटले म्हणजे रकान्याखाली तांबड्या अक्षरांत प्रकट होतो.

'अवैध नाव.' 'कृपया वैध मूल्य प्रविष्ट करा.' 'विशेष चिन्हांना परवानगी नाही.'

मी बालवर्गाची शिक्षिका आहे. माझे स्वतःचे शिक्षण दहावीपर्यंत, म्हणजे आमच्या घरात अजून ज्याला मॅट्रिक म्हणतात तिथपर्यंतच झाले आहे. तेव्हा संगणकशास्त्रावर अधिकारवाणीने बोलण्याचा माझा मानस नाही. परंतु तांबड्या शाईने शेरे मारण्याच्या धंद्यात मी वीस वर्षे काढली आहेत, आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या आहेत. शेरा कसा असावा आणि माणूस शब्दांत कसा पकडावा, या दोन गोष्टींबद्दल मला थोडेफार बोलता येईल असे वाटते. बाकीचे ज्ञान माझ्या भाच्याकडून उसने घेतले आहे. तो हिंजवडीला एका कंपनीत असले अर्ज घडविण्याचेच काम करतो.

त्याच्याकडून कळलेली पहिली गोष्ट अशी की, ही तपासणी दोन जागी होते. एक आपल्या हातातल्या यंत्रात, म्हणजे ब्राऊझरमध्ये. आणि दुसरी अर्ज जिथे जाऊन पडतो तिथे. रकाना रिकामा सोडू नये, ई-मेलच्या पत्त्यात ते गोल वळणाचे चिन्ह असावे, इतपत साध्या गोष्टी ब्राऊझर आपल्या आपण पाहतो. २०१४ साली पक्क्या झालेल्या एचटीएमएलच्या पाचव्या आवृत्तीत तशी सोय आहे. पण त्याउपर आपला स्वतःचा नियम बसविण्याची आणि आपल्या स्वतःच्या शब्दांत शेरा मारण्याची मुभा अर्ज घडविणाराला असते. माझी समीक्षा आहे ती या मुभेची. कारण जिथे मुभा आली तिथे लेखक आला. आणि लेखक आला की त्याच्या अभिरुचीचा, त्याच्या अनुभवाच्या व्याप्तीचा, किंबहुना त्याच्या स्वभावाचाही विचार करणे प्राप्त होते.

हेही ध्यानात घेतले पाहिजे की, हातातल्या यंत्रातील तपासणी जाणत्या माणसाला सहज चुकविता येते. खरी राखण आतल्या तपासणीने व्हायची असते. दारावरचा शेरा लबाडाला थांबवीतच नाही. त्याने अडतो तो प्रामाणिक आणि अजाण माणूस. म्हणून दारावरची भाषा पाहुण्याशी बोलण्याची हवी, चोराशी बोलण्याची नव्हे.

आता, तपासणी मुळातच वाईट, असे म्हणणारांतली मी नाही. आकड्यांच्या बाबतीत तर ही तपासणी म्हणजे एक सुंदर कला आहे. आधार क्रमांकाचेच पाहा. पहिला आधार क्रमांक २०१० साली आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी दिला गेला, हे पुष्कळांना ठाऊक असते. पण त्यातील बारावा आकडा हा खरे म्हणजे आधीच्या अकरांचा पहारेकरी आहे, हे थोड्यांना माहीत असेल. फेरहूफ नावाच्या डच गणितज्ञाने १९६९ साली ही युक्ती प्रसिद्ध केली. अकरा आकड्यांवर एक ठराविक क्रिया करून बारावा काढायचा. पुढे लिहिताना एखादा आकडा चुकला, किंवा घाईत शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले, तर हिशेब जुळत नाही आणि चूक तिथल्या तिथे सापडते. माझ्या आजीच्या पिढीतील बायका दळणाच्या डब्यावर खडूने खूण करीत, तसेच हे. पॅन क्रमांकातही अशीच मौज आहे. पाच अक्षरे, चार आकडे आणि शेवटी पुन्हा एक अक्षर. व्यक्तीचा पॅन असेल तर चौथे अक्षर इंग्रजी 'पी' असते आणि पाचवे तिच्या आडनावाचे आद्याक्षर. आणि ज्याने आपल्याला सहा आकडी पिनकोड दिला, तो १५ ऑगस्ट १९७२ पासून टपालखात्यात रूढ झाला, त्या श्रीराम भिकाजी वेलणकरांना तर आपण संस्कृत कवी म्हणूनच ओळखतो. सारख्या नावांची गावे आणि नाना लिप्यांतले पत्ते यांच्या गोंधळातून टपाल सोडविण्यासाठी एका कवीने आकडे योजावेत, ही गोष्ट मला फार आवडते.

पण आकडा आणि नाव यांत एक मूलभूत भेद आहे. आकडा कचेरीने घडविलेला असतो. तो तिचाच असल्यामुळे तो कसा असावा हे सांगण्याचा तिला अधिकार आहे. नाव कचेरीने घडविलेले नसते. ते बारशाला आत्याने कानात सांगितलेले असते. आत्याच्या आधी कचेरीला विचारण्याची आपल्याकडे चाल नाही.

हा भेद न ओळखल्यामुळे काय होते ते पाहण्यासारखे आहे. इंग्रजी मुळाक्षरांखेरीज काहीही न स्वीकारणारे अर्ज पुष्कळ असतात. त्यांच्याबद्दल बोलण्यात अर्थ नाही, ते उघडउघड परके आहेत. गंमत आहे ती मराठी लिहा म्हणून आमंत्रण देणाऱ्या अर्जांची. भाच्याने मला एक नियम दाखविला: 'नावात फक्त अक्षरे असावीत.' नियम किती निरुपद्रवी वाटतो! परंतु जगातील साऱ्या लिप्यांची जी युनिकोड नावाची वर्णसूची आहे, तिच्यात 'क' हे अक्षर असले तरी काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि हलन्त यांची गणना अक्षरांत नाही. ती निराळ्या वर्गातील चिन्हे आहेत. तेव्हा हा नियम शब्दशः लावला की कमल पास होते, शरद पास होतो, मदन आणि नयनही पास होतात. आणि सीता नापास होते. गोविंद, शंकर, मुक्ता, विष्णू हे सारे नापास.

मला हसू आवरेना. कारण बालवर्गात पहिल्या सत्रात आम्ही मुलांना बिनकान्या-मात्रांचे शब्दच शिकवितो: कमळ, बदक, मगर, नळ. दिवाळीच्या सुट्टीनंतर काना येतो. वेलांटी संक्रांतीच्या सुमारास. म्हणजे हा सर्वज्ञ समजला जाणारा अर्ज अजून आमच्या पहिल्या सत्रातच बसला आहे, आणि तिथून तो सीतेला 'अवैध' ठरवितो!

लांबीच्या नियमाची कथा अशीच. ज्ञानेश्वर हे नाव माझी मुले चार अक्षरांचे म्हणून मोजतील: ज्ञा, ने, श्व, र. यंत्र ते दहा मोजते. ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, असे सुटे सुटे करून. लक्ष्मी दोन अक्षरांची. यंत्राच्या हिशेबी सात. इंग्रजी नावे डोळ्यांसमोर ठेवून आखलेली लांबीची मर्यादा मराठी नावाला अकारण आखूड पडते. उलट, नाव किमान तीन अक्षरांचे हवे असा नियम करणाराने आपल्याकडची ओक आणि भट ही आडनावे ऐकलेलीच नसतात. ओकांची गंमत तर अशी की, ते अक्षरांच्या परीक्षेत पास होऊन लांबीच्या परीक्षेत नापास होतात. दोन्ही परीक्षांत निर्वेध उत्तीर्ण व्हायचे असेल तर आडनाव कदम असावे.

आणि गोऱ्हे किंवा कऱ्हाडे असेल तर मात्र संकट निराळेच. त्यातला जो अर्धा 'र' आहे तो संगणकावर दोन रीतींनी लिहिता येतो. एका रीतीत त्याचे स्वतंत्र वर्णचिन्ह वापरतात, दुसऱ्या रीतीत साधा 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखी दिसतात. परंतु शाळेच्या नोंदीत एक रीत आणि बँकेच्या नोंदीत दुसरी असेल, आणि यंत्र आंधळेपणाने दोन्ही ताडून पाहत असेल, तर ते म्हणणार, 'नाव जुळत नाही.' दोन कागद शेजारी ठेवून ती बाई रात्रभर पाहत बसली तरी तिला फरक दिसायचा नाही. कारण तो दिसण्यासारखा नाहीच.

हे केवळ मराठीचे दुखणे नाही. २०१० साली जॉन ग्रॅहम-कमिंग या इंग्रज गृहस्थांना एका अर्जाने कळविले की, त्यांच्या आडनावात अवैध चिन्ह आहे. ते चिन्ह म्हणजे मधली आडवी रेघ. त्यावरून पॅट्रिक मॅकेन्झी या जपानात राहणाऱ्या संगणककाराने, नावांविषयी त्याचे व्यवसायबंधू जे जे गैरसमज बाळगतात त्यांची एक लांबलचक यादीच प्रसिद्ध केली. त्याचे स्वतःचे नाव जपानी यंत्रांना झेपत नसे. ज्याचे त्याला कळले, एवढेच म्हणायचे.

पुण्याच्या पत्त्यांकडे वळले की चिन्हांचा प्रश्न फारच मनोरंजक होतो. भिकारदास मारुती, पासोड्या विठोबा, खुन्या मुरलीधर ही नावे कोणत्याही अर्जाला खटकत नाहीत. पण घरक्रमांकातील तिरकी रेघ, जिच्यावाचून पेठेतील वाटण्या झालेल्या वाड्यांचा पत्ता पुराच होऊ शकत नाही, ती मात्र पुष्कळ ठिकाणी चालत नाही. "अगं मावशी, अशा चिन्हांतून कुणी खोडसाळ माणूस आज्ञा लिहून आत घुसवील, अशी भीती असते," भाच्याने समजावले. मग त्यानेच पुढे कबूल केले की, त्यावरचा खरा इलाज आत आहे. आलेला मजकूर हा मजकूर म्हणूनच ठेवावा, आज्ञा म्हणून चालवू नये. एवढी काळजी घेतली की रेघ बिचारी रेघच राहते. आपल्या घराला कडी नाही म्हणून आल्यागेल्याच्या हातातली काठी काढून घेणे, हा काही शहाणपणा नव्हे.

आता भाषेविषयी. 'वैध' हा शब्द कायद्याचा आहे. जे अवैध ते बेकायदा. 'अवैध नाव' हे वाक्य ज्याने लिहिले त्याला बहुधा एवढेच म्हणायचे होते की, हे मला वाचता येत नाही. पण आपली असमर्थता त्याने समोरच्याच्या गुन्ह्यात रूपांतरित केली. 'प्रविष्ट करा' हा आणखी एक नमुना. 'लिहा' हा दोन अक्षरी शब्द मराठीत शेकडो वर्षे सुखाने नांदत असताना माणसांना प्रविष्ट करायला का लावावे? आणि देवनागरीत ४११०३० असा पिनकोड लिहिणाराला जेव्हा अर्ज उत्तर देतो, 'कृपया फक्त आकडे लिहा,' तेव्हा तो माणूस बोटे मोजून पाहतो की, मग मी लिहिले ते काय होते? इंग्रजी आकडे हवेत, असे म्हणायला इतका संकोच का? चांगला शेरा कसा असतो हे कोणत्याही बालवर्गाच्या शिक्षिकेला विचारावे. 'पिनकोडात सहा आकडे असतात. आपण पाच लिहिले आहेत.' यात दोष कोणता, तो कुठे आहे आणि पुढे काय करायचे, हे सारे आले. आणि अपमान झाला नाही.

वेळेचेही भान हवे. काही अर्ज पहिले अक्षर उमटते न उमटते तोच तांबडे होतात. मूल 'क' ची पहिली गाठ काढीत असताना त्याच्या पाटीवर फुली मारणाऱ्या शिक्षिकेला आम्ही शाळेत ठेवणार नाही. आणि ज्याला नुसता तांबडा रंग दिसत नाही, किंवा ज्याच्यासाठी यंत्र अर्ज मोठ्याने वाचून दाखविते अशा अंध माणसाला, रंगाखेरीज शब्दांतही चूक सांगितली पाहिजे, हे निराळे सांगायला नको.

एक दोष मात्र मला केवळ तांत्रिक वाटत नाही. ब्राऊझरच्या या सोयीत अशी योजना आहे की, घडविणाराने एकदा रकान्यावर आपला शेरा लावला म्हणजे तो रकाना सदोष ठरतो, आणि घडविणारानेच तो शेरा पुसून कोरा करीपर्यंत सदोषच राहतो. हे पुसायचे पुष्कळजण विसरतात. मग आपण चूक दुरुस्त केली, अचूक उत्तर लिहिले, तरी तांबडी ओळ हटत नाही. माझ्या मनात तेव्हा यंत्र येत नाही, गाव येते. आपल्याकडे किती माणसांवरचे शेरे असे पुसायचे राहून गेले आहेत!

इथपर्यंतचे सारे हसत हसत सांगता येते. पुढचे तसे नाही.

आमच्या शाळेतल्या एका मुलाच्या आईने एका खाजगी संस्थेकडे शिक्षणाच्या मदतीसाठी अर्ज केला. अर्जात पतीचा मोबाईल क्रमांक विचारला होता आणि तो रकाना सोडता येत नव्हता. नवरा चार वर्षांपूर्वी घर सोडून गेलेला. मी शेजारी बसले होते. ती मला म्हणाली, "बाई, त्याचा नंबर माझ्याकडं असता तर हा अर्ज कशाला केला असता?" रकाना रिकामा ठेवला की तांबडा होई. 'माहीत नाही' असे लिहिले तरी तांबडा. शेवटी तिने वैतागून नवाचा आकडा दहा वेळा दाबला. दहा आकडे, पहिला नऊ. नियमात चोख बसले. तांबडी ओळ नाहीशी झाली आणि अर्ज पुढे सरकला. खरे उत्तर नाकारून खोटे उत्तर आनंदाने घेणारा हा वाचक पाहून मी थक्क झाले. महिन्याभराने संस्थेच्या माणसाने तो क्रमांक लावून पाहिला, आणि खोटी माहिती दिली म्हणून अर्ज बाजूला पडला. अर्जानेच तिला खोटे लिहायला लावले होते, याची नोंद कुठल्याच रकान्यात नव्हती.

कादंबरीकाराला लोक विचारतात, तुमची पात्रे खरी का वाटत नाहीत? उत्तर बहुधा असे असते की, लेखकाने आपल्या ओळखीच्या चार घरांबाहेर पाहिलेले नसते. अर्जाचेही तेच आहे. त्याच्या लेखकाच्या ओळखीच्या प्रत्येक घरात नवरा होता, त्याच्या खिशात मोबाईल होता आणि तो विचारल्यावर क्रमांक सांगत असे.

सार्वजनिक पातळीवरचे उदाहरण सर्वांच्या डोळ्यांदेखतचे आहे. २०२४ च्या जून महिन्यात 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना जाहीर झाली. महिना दीड हजार रुपये. पात्रतेच्या यादीत विवाहित स्त्रियांबरोबर विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता आणि निराधार यांचा स्पष्ट उल्लेख होता. वाङ्मय म्हणून पाहिले तर ही यादी उदार आणि जाणती होती. परंतु सप्टेंबर २०२५ मध्ये लाभार्थींची ई-केवायसी नावाची फेरतपासणी सुरू झाली, आणि त्या अर्जात बाईच्या आधाराबरोबर पतीचा अथवा वडिलांचा आधार क्रमांक व त्यांच्या मोबाईलवर येणारा सांकेतिक अंक मागितला गेला. पती वारलेला, वडीलही वारलेले, अशा बाईने काय करावे? ज्या पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात विधवा आहे त्याच्या शेवटच्या प्रकरणाला ती ठाऊकच नाही, असा हा प्रकार. ओरड झाली. नोव्हेंबरमध्ये मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढविण्यात आली, आणि अशा स्त्रियांनी स्वतःपुरती तपासणी करून मृत्यूचा किंवा घटस्फोटाचा दाखला अंगणवाडी सेविकेकडे द्यावा, अशी वाट काढण्यात आली. यंत्राने ज्यांना ओळखले नाही त्यांना ओळखण्यासाठी शेवटी गल्लीतली, चेहऱ्याने ओळखणारी बाईच लागली. परित्यक्तेकडे मात्र ना मृत्यूचा दाखला असतो ना घटस्फोटाचा. 

याच सरकारी लेखणीतून एक चांगला मजकूरही उतरला आहे, तो न सांगणे अन्यायाचे होईल. ११ मार्च २०२४ रोजी राज्य मंत्रिमंडळाने ठरविले की, १ मे २०१४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांचे नाव शासकीय दस्तऐवजांत प्रथम त्याचे, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असे लिहावे. आणि तिथे अनाथ मुलांसारख्या अपवादांचा विचार आधीच केलेला होता. नियम करतानाच ज्याला नियमाबाहेरचे मूल आठवते, त्याला मी लेखक म्हणते.

माझ्या वर्गातील सारी मुले या निर्णयानंतरच्या जमान्यातली. पूर्ण नाव सांग म्हटले की काहीजण आईचे नाव मध्ये घालून चार शब्दांचे नाव ठणकावून सांगतात. अर्जांत मात्र पुष्कळ ठिकाणी अजून तीनच रकाने असतात. मग पालक मधल्या रकान्यात आईचे आणि वडिलांचे अशी दोन नावे लिहून पाहतात, आणि खाली तांबड्या अक्षरांत येते, 'रिकामी जागा चालत नाही.' मायबापांमध्ये एवढीही जागा ठेवायची नाही!

हे सारे मी भाच्याला ऐकविले तेव्हा त्याने वाद घातला नाही. "मावशी, तू मला नावं लिहून दे," एवढेच म्हणाला. मी एका कागदावर लिहून दिली: सीता, ज्ञानेश्वर, ओक, गोऱ्हे, खाली एक तिरक्या रेघेचा पेठेतला पत्ता, देवनागरी आकड्यांतला पिनकोड, आणि सर्वांत शेवटी पतीच्या क्रमांकाचा एक कोरा चौकोन. तो कागद त्याने आपल्या टेबलाशी चिकटविला आहे, आणि नवा अर्ज बाहेर धाडण्यापूर्वी यातले प्रत्येक उत्तर भरून पाहतो. नवरात्रात त्याचा निरोप आला. नावे चारही पास झाली, रेघही चालली, मराठी आकडे यंत्र आता मुकाट्याने इंग्रजी करून घेते. कोऱ्या चौकोनाबद्दल त्याच्या वरिष्ठांशी बोलणे चालू आहे.